नऊमुठीची घडी

हिंगोली
१८ ऑगस्ट २०२५

शिवे,

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, इन्स्टावर केलंस, साध्या फोनवरसुद्धा केलंस. म्हणून आज ऑफिसातून थेट पोस्टात गेले आणि आंतरदेशीय पत्र मागितलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘सासरी पाठवायचं का?’ मी म्हणाले, ‘नाही हो, डोक्यात राख घालून बसलेल्या एका मैत्रिणीला.’

आता ऐक. नांदेडच्या हॉस्टेलात चौदा नंबरच्या खोलीत आपण दोघींनी दोन वर्षं पोटाला चिमटा काढला. कॅन्टीनचं तोंड पाहिलं नाही. का? तर ‘नाईन फिस्ट्स’ हा कुस्तीचा गेम फक्त ऑर्बिट नावाच्या गेम-मशीनवर खेळता यायचा, दुसऱ्या कशावरच नाही. दोघींत मिळून एक ऑर्बिट घेतला. गेमला नाव तूच ठेवलंस, नऊमुठी. हॉस्टेल सुटल्यावर मशीनचे दोन तुकडे करता येईनात, तेव्हा तोडगाही तूच काढलास. दसऱ्याला ते बाळापूरला तुझ्याकडे जायचं, अक्षय तृतीयेला हिंगोलीला माझ्याकडे यायचं. ‘शेताला पाण्याची पाळी असते तशी मशीनची पाळी,’ असं तू म्हणालीस आणि पाळी म्हटल्यावर सगळा मजला खिदळला होता. चार वर्षं झाली. एकदाही चुकलं नाही.

आणि आता कंपनी म्हणते, नऊमुठी सगळ्यांवर येणार. टायटनच्या मशीनवर येणार, जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवर येणार. मग आपण उपाशी राहिलो ते कशासाठी? मला राग येणार नाही? ऑर्बिटवाल्यांच्या ग्रुपात दोनशे माणसं चिडलेली होती, आणि तू एकटी नाचत होतीस! वर तुझ्या सेंटरमधल्या त्या जिवनबाईंचा फोटो टाकलास, खाली लिहिलंस, ‘आता या पण खेळणार, रोज!’ त्यावर मी एवढंच लिहिलं, ‘झालं, म्हणजे गेम बाटला.’ लोक हसले. तू ग्रुप सोडून गेलीस.

वादात हरलं की उठून जायचं, ही तुझी हॉस्टेलपासूनची खोड आहे. गेमपायी एवढं रुसतात का कुणी? उत्तर दे.

तुझी,
गुंजन

*

आखाडा बाळापूर
२४ ऑगस्ट

प्रति,
कु. गुंजन, हिंगोली

विषय : ‘बाटला’ या शब्दाबाबत.
संदर्भ : आपले दि. १८ चे पत्र.

महोदया,

वरील विषयी विनंती अर्ज करते की, जाऊ दे. सेंटरवर रोज चाळीस अर्ज भरते मी, तुला अन् काहून भरू?

गुंजे, मी गेमपायी रुसले न्हाई. गेमवर भांड ना तू, रात्रंदिवस भांड, मी बराबर उत्तर देते. टायटनवाले आपल्या डोक्यावर मिरे वाटणार, हे मलाबी माहीत हाय. मी उठून गेले ते त्या एका शब्दासाठी.

जिवनबाई कोण हाय ते तुला सांगितलंच न्हाई कधी, तू विचारलंबी न्हाई. साठीची बाई. जन्म गेला दुसऱ्याच्या रानात निंदणं-खुरपणं करण्यात अन् हळदी शिजवण्यात. निराधारच्या पगारासाठी अंगठा लावायला माझ्या सेंटरवर येती, अन् अंगठा लागत न्हाई. रेघाच राहिल्या न्हाईत बोटाला. मशीन म्हणते, ही जिवनबाई न्हाई. महिन्यात तीन-तीन चकरा, लई तकलीफ. मागच्या पाळीत ऑर्बिट माझ्याकडं होता, तवा सर्व्हर बंद म्हणून बसली होती. मी सहज रिमोट दिला हातात. बटण दाबलं की पडद्यावरचा पैलवान हात उचलू लागला. बाई माझ्याकडं बघून म्हणाली, ‘पोरी, हे तर माझं बराबर ऐकून राहिलं की!’ मग चार महिने रोज यायची. आमच्या धाकट्या मुन्नाला तीनदा लोळवलं तिनं.

मशीन तुझ्याकडं गेल्यापासून विचारती, ‘ते कुस्तीचं कवा येणार?’ म्हणून मी नाचले. अन् तू दोनशे लोकांत तिच्या फोटोखाली लिहिलंस, बाटला.

पहिल्यांदा तुमच्या घरी आले होते, आठवतं का तुला? फोन चार्ज करायला बटण शोधत मी देवघराजवळ गेले. तुझ्या गंगूआत्या म्हणाल्या, ‘अगं अगं, बाटलं!’ अन् भरलेली कळशी माझ्यापुढं मोरीत ओतली. तू हसलीस. मीबी हसले, तुझ्यासाठी. घरी येऊन आईला सांगितलंबी न्हाई. गॅदरिंगला मामीनं घेतलेली माझी मोरपंखी साडी, मी अंगाला लावायच्या आधी तुला नेसायला दिली. ती काय तू देवळातल्या पुजाऱ्याच्या घरची म्हणून दिली व्हय? दोस्त म्हणून दिली.

तरी योग्य तो निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
शिवकन्या

*

हिंगोली
७ सप्टेंबर

शिवकन्या,

कयाधू नदीला पूर होता, कळमनुरीकडच्या गाड्या बंद होत्या. तुझं पत्र फार उशिरा मिळालं. मिळाल्यावर उत्तर लिहायलाही दिवस गेले, ते पुराच्या माथी मारत नाही.

आधी वाटलं, लिहावं की आमच्या घरात हा शब्द दिवसातून दहादा येतो. ओल्या हाताचं लोणचं बाटतं, मांजरानं तोंड घातलेलं दूध बाटतं. मी लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बरणी होती गं, जिवनबाई नव्हत्या. देवाशप्पथ. पण हे कच्चं लिहून पाहिलं आणि माझंच मला पटेना. बरणीला हात कुणाचा लागला, हेच तर त्या शब्दात असतं. आणि फोटो समोर होता, हातात रिमोट धरलेल्या बाईचा. मला दिसला नाही असं कसं म्हणू?

कळशीचं आत्याला विचारलं. ती म्हणाली, ‘कोण, ती शेंगा घेऊन आलेली गोड मुलगी? तिच्यापुढे मी पाणी ओतलं? छे गं!’ तिला आठवतच नाही. मला मात्र स्वच्छ आठवतंय. मी हसले होते, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही. चुकलंच माझं. तेव्हाही आणि आताही.

ग्रुपात मी लिहिलं आहे की तो शब्द चुकीचा होता आणि मी तो मागे घेते. पुण्याच्या दोन पोरांनी माझी टर उडवली, उडवू देत. तू आता ग्रुपात नाहीस, म्हणून ऑफिसच्या प्रिंटरवर त्याची प्रत काढली आहे. सोबत : एक.

पण गेमचं मला अजून वाईट वाटतं. तेवढा हक्क मला ठेव. जी गोष्ट आपली म्हणून जपली, ती अशी बाजारात मांडली की आत कुठेतरी तुटतं. हे जिवनबाईंवर नाही, कुणावरच नाही. नीट सांगता येत नाही.

दसरा जवळ आला. मशीनचं काय करायचं?

गुंजन

*

(पोस्टकार्ड)

आखाडा बाळापूर
१५ सप्टेंबर

गुंजन,

पत्र भेटलं. प्रतबी भेटली.
दसऱ्याला घडी मोडायची. तू स्वतः ये, मशीन घेऊन ये. वायर, दोन्ही रिमोट, सगळं आण. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नको. बाकी समोरासमोर.

शिवकन्या

*

हिंगोली
१९ सप्टेंबर

शिवकन्या,

तुझं कार्ड बाबांनी आधी वाचलं. पोस्टकार्डच ते, कुणीही वाचावं. ‘कसली घडी गं?’ म्हणाले. मी म्हणाले, ‘काही नाही, पाळीचं आहे,’ तेव्हा त्यांनी घाईघाईनं पेपर उघडला.

घडी मोडायची. चार वर्षांत बसवलेली घडी, दसरा ते अक्षय तृतीया, तू मोडणार. तुझा हक्क आहे. चूक मी केली, मोडायचं तू ठरवलंस, त्यात माझ्याकडून वाद नाही. मशीन घेऊन येते. वायर, दोन्ही रिमोट, सगळं आणते. वाटणी वगैरे करत बसू नकोस, पूर्ण तूच ठेव. तुझ्या सेंटरवर त्याचं चीज होईल. मी काही घरी येणार नाही. बाळापूरच्या स्टँडवर तुझ्या हातात पिशवी देईन आणि परतीच्या गाडीनं निघेन. समोरासमोर ऐकायची माझ्यात ताकद नाही गं.

मागच्या पत्रात लिहिता आलं नाही ते आता लिहिते, नाहीतरी आता काय लपवायचं? मला गेमचा राग आलाच नव्हता. म्हणजे आला होता, पण तो वरवरचा. सगळीकडे येणार ही बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आता शिवेला ऑर्बिट लागणार नाही. ऑर्बिट नको म्हणजे बस नको. बस नको म्हणजे हिंगोलीला येणं नको. मग मी कशाला हवी? ऑफिसात मी बाविसाव्या टेबलाची कंत्राटी पोरगी. घरी येते ती देवळातल्या प्रसादाच्या पुड्या बांधायला. वर्षातून दोनदा तू मशीनची पिशवी घेऊन येतेस किंवा मी तुझ्याकडे येते, आणि आपण दोन दिवस आरडाओरडा करत खेळतो. बाकीचं वर्ष मी त्यावर काढते.

हे सगळं कसं लिहायचं? म्हणून गेमवर ओरडले. गेमवर ओरडता येतं. आणि ओरडता ओरडता नको ते बोलून बसले.

गाडी साडेअकराला पोचेल. स्टँडवर ये.

गुंजन

*

आखाडा बाळापूर
२३ सप्टेंबर

अगं ए गुंजे,

येडी का खुळी तू? तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग हसले, मग सेंटर बंद करून हे लिहून राहिले. बाहेर माणसं उभी हायेत अर्ज घेऊन, उभी राहू दे.

घडी मोडायची म्हंजे घडी मोडायची! नव्या साडीची मोडतात ती! आमच्यात नवं लुगडं आलं की ते आधी आपण न्हाई नेसत. जीव लागलेल्या बाईला देतात, म्हणतात, ‘घडी मोडून दे.’ तिनं नेसलं की मग आपलं. हॉस्टेलात मोरपंखी साडी देताना मी तुला हेच म्हणाले होते. तू काय म्हणालीस? ‘मोडली तर परत तशीच घालता येईल का गं मला? इस्त्री बिघडेल.’ मी सांगायची ऱ्हायले अन् तू नेसून गॅदरिंगला पळालीस. चार वर्षं तुला त्याचा अर्थच माहीत न्हाई! धन्य हाय बाई.

कार्ड लिहिलं तवा संतराम टपालवाले दारात उभे, एक पाय सायकलवर. ‘बाई, आटपा.’ मी उभ्या उभ्या खरडलं. अन् खरं सांगते, थोडा रागबी होता अजून, म्हणून गोड लिहिलं न्हाई. त्याच्या आत तू एवढं मोठं महाभारत रचशील, हे मला काय ठाऊक?

आता नीट ऐक. नऊमुठी काल आली, घट बसले त्याच दिवशी. सेंटरच्या मधल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. अजून उघडलीबी न्हाई. पडद्यावर चिठ्ठी लावली हाय, ‘दसऱ्यापर्यंत हात लावू नये.’ मुन्ना पाया पडून राहिला, गल्लीतल्या पोरी खिडकीत लटकून राहिल्या, जिवनबाई दोनदा येऊन गेल्या. मी सगळ्यांना एकच सांगते, माझी दोस्तीण हिंगोलीहून येणार, घडी ती मोडणार. पहिली कुस्ती तिच्या हातची.

अन् मशीन काहून आण म्हणाले? आता ऑर्बिटवरचं माणूस कॉम्प्युटरवरच्या माणसाशी खेळू शकतं. दोन्ही शेजारी ठेवून एकदा जोडून बघायचं, लागतं का ते. लागलं की ऑर्बिट तू घरी घेऊन जा. कायमचा. तू हिंगोलीत बस, मी बाळापुरात, अन् रोज दिवेलागणीला भांडू. मशीनची पाळी संपली. पण दसऱ्याला तू यायचं अन् आखितीला मी यायचं, ते बदलायचं न्हाई. मी काय मशीन पोचवायला येत होते व्हय तुझ्याकडं? मशीन तर पार्सलनंबी आलं असतं.

राग गेला का, म्हणशील. समदा न्हाई गेला. उरलेला दसऱ्याला काढीन, पैलवानाकडून.

ब्लॉक काढलाय. पण याचं उत्तर पत्रानंच दे, मला वाट बघायची गोडी लागली.

तुझीच,
शिवी

*

हिंगोली
२७ सप्टेंबर

शिवे,

पत्र ऑफिसात उघडलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘काय गं, बदली झाली?’ मी म्हणाले, ‘नाही काकू, रद्द झाली.’

त्यानंतर हसू आवरेना. इस्त्री बिघडेल म्हणाले होते, खरंच की! तू एवढी वर्षं हे पोटात ठेवलंस आणि एकदाही चिडवलं नाहीस.

काल आत्याला तुझं पहिलं पत्र पूर्ण वाचून दाखवलं, तो अर्जवाला भागसुद्धा. ती वाती वळत होती. हातातली वात पुरी केली. मग म्हणाली, ‘त्या मुलीला म्हणावं, दिवाळीला ये. आणि फोन देवघराजवळच लाव, आपल्या घरात तेवढंच एक बटण धड चालतं.’ मी म्हणाले, ‘आणि कळशी?’ ती म्हणाली, ‘कळशी तिलाच भरू दे.’ तिच्या वयाला हे पुष्कळ आहे शिवे. मी लगेच हरखून गेले नाही, पण तुला कळवावंसं वाटलं.

खंडेनवमीला बाबा ऑर्बिटला हळदकुंकू लावणार आहेत, ते झाल्यावरच मशीन पिशवीत जाईल. गेमनं सीमोल्लंघन केलंय, मग मी कशाला घरात बसू? दसऱ्याला सकाळची गाडी पकडते. साडेअकराला बाळापूर. स्टँडवरून परत जाणार नाही, दोन दिवसांचे कपडे आणतेय. रजेचा अर्ज टाकला आहे, विषय आणि संदर्भासह.

आता एकच मागणं आहे. नाही म्हणू नकोस.

घडी मी मोडणार नाही. तू माझ्यासाठी राखून ठेवलीस, त्यातच मी भरून पावले. पण ती मोडायचा मान माझा नाही. ती चिठ्ठी काढ, जिवनबाईंना मधल्या खुर्चीवर बसव आणि रिमोट त्यांच्या हातात दे. त्या फोटोखाली मी काय लिहिलं होतं ते त्यांना वाचता येत नसेल, पण मला येतं. दोनशे लोकांत बोलले होते, आता तुमच्या सेंटरच्या खिडकीत लटकलेल्या सगळ्या पोरींच्या देखत पहिली कुस्ती त्या खेळू देत. मी शेजारी उभी राहीन. त्यांचं झालं की त्याच रिमोटवर, पुसून न घेता, दुसरी मी खेळेन.

त्यांना हेही सांग, इथे अंगठा लावावा लागत नाही.

आणि त्यांना त्यांचा नेहमीचा पैलवान घेऊ देऊ नकोस गं. चार महिने सराव आहे त्यांचा, मी पहिल्याच फेरीत लोळेन.

बरं, घेऊ दे.

तुझी,
गुंजन